ड्रॉपर पोस्टची वायर तुटली? पोस्ट बदलू नका, वायर बदला

गेल्या पावसाळ्यात मसाई पठारावरून परत येताना माझ्या सायकलच्या ड्रॉपर पोस्टची वायर तुटली. ड्रॉपर पोस्ट म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबून चालत्या सायकलवरच वर-खाली करता येणारा सीटचा दांडा. उतारासाठी सीट खाली घेतली होती. पुढे चढ लागला म्हणून हँडलवरचा लिव्हर दाबला, तर तो लुळा पडला. सीट खालीच. पन्हाळ्यापासून वाघबीळ, केर्ली करत कोल्हापूरपर्यंतचे वीसेक किलोमीटर गुडघे छातीशी आणून सायकल मारली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या थरथरत होत्या.

मग एका दुकानात दाखवली. तिथं सांगितलं, "दादा, पोस्ट गेलाय. अख्खा नवा घालावा लागंल." नवा पोस्ट म्हणजे हजारो रुपये. घरी येऊन पोस्ट बाहेर काढला, बुडाशी असलेला खटका बोटानं दाबला, तर सीट झपकन वर आली. पोस्ट ठणठणीत होता. तुटली होती फक्त आतली वायर, लिव्हरपासून जेमतेम एका इंचावर.

त्यानंतर माझ्या आणि ओळखीच्या काही सायकलींच्या मिळून बऱ्याच वायरी बदलल्या. पहिल्या वेळी अख्खा रविवार गेला, कारण क्रम चुकला. आता तासाभरात होतं. तो क्रम इथं सविस्तर देतोय. फ्रेमच्या आतून वायर जाणाऱ्या, वायरीवर चालणाऱ्या पोस्टसाठी हे आहे. तुमच्या पोस्टला तेलाची बारीक नळी असेल किंवा तो बिनवायरचा, बॅटरीवरचा असेल, तर त्याचं काम वेगळं आहे.

आधी हा पोस्ट चालतो कसा ते बघा

पोस्टच्या पोटात दाबाखालच्या हवेची एक बंद नळी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, वायर पोस्टच्या बुडाचा खटका हलवते, खटका कार्ट्रिजची झडप उघडतो. झडप उघडी असताना तुम्ही सीटवर वजन टाकलंत तर सीट खाली जाते, वजन काढलंत तर आतली हवा ती वर ढकलते. वायरीचं काम एवढंच आहे, झडप उघडायची. वायर तुटली की झडप बंद राहते आणि सीट असेल त्या उंचीवर अडकते. म्हणजे वायर तुटल्यावर सीट हलत नाही हे पोस्ट व्यवस्थित असल्याचंच लक्षण आहे. एवढं डोक्यात पक्कं असेल तर कोणी तुम्हाला विनाकारण नवा पोस्ट विकू शकणार नाही.

लागणारं सामान

- गिअरची इनर, म्हणजे आतली वायर, स्टेनलेस स्टीलची, १.१ किंवा १.२ मिमी जाडीची. साधारण २ मीटरची मिळते, बहुतेक सायकलींना पुरते.
- गिअरची आऊटर, म्हणजे इनर जिच्यातून सरकते ती बाहेरची नळी, ४ मिमी. जुनी खराब असेल तरच. पण हाताशी असू द्या.
- आऊटरच्या टोकाला लावायच्या ४ मिमीच्या टोप्या आणि इनरच्या टोकाला लावायची ॲल्युमिनियमची बारीक टोपी. दोन-दोन जास्तीच्या घ्या, जमिनीवर पडली की सापडत नाही.
- ॲलन की: २, २.५, ३, ४ आणि ५ मिमी.
- केबल कटर. साधी पक्कड चालत नाही, कारण पुढे सांगतो.
- दाभण, किंवा चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडे असते तसली बारीक आरी.
- इन्सुलेशन टेप, टॉर्च, चिमटा, सुती फडकं.
- फ्रेम धातूची असेल तर थोडं ग्रीस, कार्बनची असेल तर कार्बन पेस्ट (पोस्ट घसरू नये म्हणून लावतात ती) आणि टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना).
- तुमच्या पोस्टचं माहितीपत्रक. कंपनीच्या वेबसाइटवर मिळतं. मॉडेलचं नाव पोस्टच्या खालच्या, फ्रेममध्ये लपलेल्या भागावर असतं.

खरेदीतला मोठा सापळा इनरचा आहे. शहरातल्या कुठल्याही जुन्या सायकल दुकानात जाऊन "वायर द्या" म्हटलं की ब्रेकची वायर हातात पडते. ती १.५ किंवा १.६ मिमीची असते आणि तिची मुंडी, म्हणजे टोकावरचा धातूचा गोळा, हीही मोठी असते. खटक्याच्या खोबणीत ती बसत नाही, बसवायला गेलात तर खोबण फाकते. मोटारसायकलच्या क्लच वायरीचाही काहींनी प्रयोग केलेला मी बघितलाय, ती तर आऊटरमध्ये शिरतच नाही. जुन्या वायरीचा मुंडीवाला तुकडा खिशात घालून जा आणि "गिअरची इनर, स्टीलची" असं नीट मागा. साधी गॅल्व्हनाइज्ड वायर स्वस्त असते, पण आपल्याकडचा पावसाळा ती एक हंगामही नीट काढत नाही.

१. नक्की काय तुटलंय ते ठरवा

लिव्हर दाबून बघा. अजिबात विरोध नसेल, तर वायर तुटली आहे किंवा कुठल्या तरी टोकाला पकडीतून सुटली आहे. सुटली असेल तर नवी वायर लागणारही नाही. लिव्हर दाबायला खूप जड लागत असेल, तर वायर तुटलेली नाही, आऊटर कुठे तरी मुडपली आहे किंवा आत चिखल गेलाय.

लिव्हर नीट ओढतोय, तरी सीट सावकाश वर येते किंवा मध्येच थांबते, असं असेल तर वायरीला हात लावण्याआधी सीटची कॉलर (पोस्टला फ्रेममध्ये आवळून धरणारं कडं) थोडी सैल करून बघा. कॉलर गरजेपेक्षा जास्त आवळली की पोस्टची बाहेरची नळी किंचित दबते आणि आतली नळी घासू लागते. चार जणांच्या सायकली याच कारणासाठी माझ्याकडे आल्या. पाव फेरा सैल केला, काम झालं.

२. वायरीची मुंडी कुठल्या टोकाला आहे ते बघा

हे न बघता बहुतेक जण काम सुरू करतात आणि अर्ध्यातून परत मागे येतात. ड्रॉपरच्या वायरीची दोन टोकं असतात. एका टोकाला धातूची मुंडी, दुसरं मोकळं. मोकळं टोक स्क्रूखाली दाबून पकडायचं असतं. काही पोस्टमध्ये मुंडी खाली खटक्यात बसते आणि मोकळं टोक वर लिव्हरपाशी आवळतात. काहींमध्ये नेमकं उलटं असतं. मुंडी लिव्हरमध्ये, आणि खाली मोकळ्या टोकावर छोटं दंडगोलाकार पिंप आवळून ते पिंप खटक्याच्या खोबणीत बसवायचं.

लिव्हरकडे बघा. वायर पकडणारा स्क्रू तिथं दिसला तर मुंडी खाली. गोल खोबण आणि त्यात मुंडी दिसली तर पिंप खाली.

मुंडी खाली असलेली रचना मला जास्त आवडते. ताण वरून, उभं राहून, पोस्ट फ्रेममध्ये असतानाच जुळवता येतो. दुसऱ्या रचनेत पिंपाची जागा मिलिमीटरमध्ये मोजून आवळावी लागते, आणि चूक झाली की पोस्ट परत बाहेर.

ते पिंप जपा. वाटाण्याएवढंही नसतं, आणि त्याला आवळणारा ग्रब स्क्रू त्याहून बारीक. माझ्या एका मित्राचं हरवलं आणि सुटं पिंप कुठंच मिळेना. शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी दुसऱ्या सायकलचं नमुन्यादाखल बघून पितळेचं करून दिलं, आजही चालतंय. ही सोय आपल्या गावात आहे, पण पिंप न हरवणं जास्त सोपं. काम सुरू करताना खाली पांढरं फडकं अंथरा.

३. उंचीची खूण करा आणि पोस्ट बाहेर काढा

पोस्ट फ्रेममध्ये जिथं शिरतो तिथं इन्सुलेशन टेपचा एक वेढा घ्या. सीट पुढच्या नळीच्या रेषेत आहे ना, तेही बघून ठेवा.

आता थांबा. कॉलर सैल करून पोस्ट लगेच वर खेचू नका. खाली पोस्टला आऊटर जोडलेली आहे, ती फ्रेममधून वर हँडलपर्यंत गेली आहे, आणि हँडलपाशी तिला ढील नाही. पोस्ट खेचला की आऊटर ताणली जाते, टोपीतून निसटते किंवा बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथं फिरतात त्या जागेच्या) वळणावर मुडपते. आधी वरचं टोक लिव्हरमधून सोडवा. फ्रेमच्या भोकावरचं रबर किंवा प्लॅस्टिकचं बूच सैल करा. मग एका हातानं पोस्ट हळूहळू वर घ्या, दुसऱ्या हातानं पुढून आऊटर आत ढकलत राहा. घरात दुसरं कोणी असेल तर त्यांना पुढे उभं करा.

पोस्ट बाहेर आला की आऊटरचं टोक खटक्यातून काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. वायर कुठून कुठं जाते, टोपी कशी बसली आहे, खटका कुठल्या बाजूला तोंड करून आहे. हे फोटो जोडणीच्या वेळी माहितीपत्रकापेक्षा जास्त कामाला येतात.

सीट खालच्या स्थितीत अडकलेली असेल तर आत्ताच खटका बोटानं किंवा ॲलन कीनं दाबून ती वर घ्या. तोंड सीटपासून लांब ठेवा. वर कोणाचं वजन नसल्यानं ती जोरात उसळते. या वेळी सीट पूर्ण वर आली, आणि खटका सोडून जोर दिल्यावर खाली दबली नाही, तर पोस्ट चांगला आहे, पुढं चला. दबत असेल किंवा वरच येत नसेल तर दोष कार्ट्रिजचा. कार्ट्रिज घरी उघडायच्या फंदात पडू नका, आत दाब असतो.

४. जुनी वायर काढा आणि ती का तुटली ते शोधा

इनरचे सगळे तुकडे बाहेर काढा. तुटलेल्या जागी वायरीचे केस फुटलेले असतात आणि ते बोटात शिरतात, म्हणून पक्कडीनं धरा. मुंडीवाला तुकडा लिव्हरच्या किंवा खटक्याच्या आत अडकून राहिलेला असू शकतो. टॉर्च मारून बघा, चिमट्यानं काढा. एकदा असा अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा आत राहिला होता आणि नवी मुंडी नीट का बसत नाही हे समजायला मला पाऊण तास लागला.

मग तुटलेलं टोक नीट बघा. नवी वायर किती टिकणार ते इथं कळतं. लिव्हरच्या तोंडाशी तुटली असेल तर बहुधा आऊटर लिव्हरमध्ये वाकडी शिरत होती आणि वायर प्रत्येक दाबाला एकाच जागी वाकत होती. लिव्हर हँडलवर थोडा फिरवा, आऊटरला मोठं वळण द्या. स्क्रूच्या पकडीपाशी तुटली असेल तर स्क्रू जास्त आवळला गेला होता. मधेच तुटली असेल आणि तिथं तांबडा गंज असेल तर पाणी आत गेलं होतं, आऊटर बदलाच.

५. आऊटर ठेवायची की बदलायची

नवी इनर जुन्या आऊटरमधून सरकवून बघा. बोटांच्या चिमटीत धरून सहज सरकली पाहिजे. खरखर, अडकणं, मुडपलेली जागा, चिरलेलं वेष्टण, यातलं काहीही नसेल तर आऊटर आहे तशी राहू द्या आणि थेट आठव्या पायरीवर जा. निम्मं काम वाचलं.

बदलायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नवी आऊटर जोडल्याशिवाय जुनी फ्रेममधून ओढून काढायची नाही. माझा तो अख्खा रविवार यातच गेला. जुनी आऊटर म्हणजे फ्रेमच्या आतला तयार रस्ता आहे. ती एकदा निघाली की डाउन ट्यूबमधून (फ्रेमची पुढची तिरकी नळी) शिरून, बॉटम ब्रॅकेटवरून वळून, सीट ट्यूबमध्ये (सीटखालची उभी नळी) वर येणारी वाट आंधळेपणानं शोधावी लागते.

६. नवी आऊटर फ्रेममधून ओवणे

जुन्या आऊटरच्या पुढच्या टोकाची टोपी काढा. जुन्या इनरचा आठ-दहा सेंटिमीटरचा चांगला तुकडा कापा आणि त्याला पक्कडीनं बारीक नागमोडी वाकवा, म्हणजे तो आऊटरमध्ये घट्ट बसेल. अर्धा तुकडा जुन्या आऊटरमध्ये, अर्धा नव्यात. दोन्ही टोकं एकमेकांना भिडवा आणि सांध्यावर इन्सुलेशन टेपचा एकच पातळ वेढा ताणून घ्या. जाड सांधा फ्रेमच्या भोकात अडकतो.

आता सीट ट्यूबच्या तोंडातून जुनी आऊटर वर ओढा आणि त्याच वेळी पुढून नवी आत ढकला. जोर ढकलणाऱ्या हाताचा, ओढणाऱ्यानं फक्त दिशा द्यायची. बॉटम ब्रॅकेटच्या वळणावर अडकेल. तिथं खेचू नका. थोडं मागे घ्या, आऊटर बोटांत गरकन फिरवा, परत ढकला. दोन-तीन वेळा केलं की वळते. जुन्या आऊटरवर आवाज होऊ नये म्हणून फोमची नळी असेल तर ती नव्यावरही चढवून घ्या, नाहीतर खडबडीत वाटेवर फ्रेम आतून टकटक वाजते.

जुनी आधीच काढून बसला असाल तर एक उपाय आहे. सुती दोऱ्याचं टोक पुढच्या भोकात सोडा, फ्रेमची बाकीची भोकं टेपनं बंद करा आणि सीट ट्यूबच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. दोरा ओढला जाऊन वर येतो. त्या दोऱ्यानं बारीक पण मजबूत दोरी ओढा, दोरीनं इनर, आणि इनरवरून आऊटर सरकवा. काही फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटपाशी वाट इतकी अरुंद असते की ब्रॅकेट काढल्याशिवाय जमत नाही. त्याची हत्यारं घरी नसतात, ते काम दुकानात द्या.

७. आऊटर कापणे

कापायच्या आधी इनर आत नाही ना ते बघा. नवी कोरी इनर आऊटरबरोबर कापली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

लांबी ठरवायला कोरडी जोडणी करा. आऊटरचं खालचं टोक टोपीसकट खटक्याच्या जागी बसवा, पोस्ट टेपच्या खुणेपर्यंत फ्रेममध्ये घाला, पुढून जादा आऊटर ओढून घ्या. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आऊटर कुठेही ताणली जाता कामा नये आणि फार मोठा फुगाही राहता कामा नये. फुल सस्पेन्शन, म्हणजे मागच्या चाकालाही शॉक असलेली सायकल असेल तर शॉकमधली हवा कमी करून मागचं चाक वर दाबून बघा. ज्या जागी टोपी लिव्हरमध्ये बसेल तिथं खूण करा. शंका असेल तर दोन सेंटिमीटर जास्त ठेवा, कमी करता येतं.

गिअरच्या आऊटरमध्ये आत प्लॅस्टिकची नळी, तिच्याभोवती लांबीच्या दिशेनं स्टीलच्या तारा आणि वर वेष्टण असतं. पक्कडीनं कापलं की तारा चेंबतात, आतली नळी मिटते आणि टोक तिरकं होतं. धारदार केबल कटरनं एका दाबात, काटकोनात कापा. कापल्यावर नळीचं तोंड थोडं मिटतंच, ते दाभणानं हलकेच गोल करा. हे दहा सेकंदांचं काम राहून गेलं तर लिव्हर कायमचा जड लागतो. मग टोपी चढवा.

नव्या आऊटरमध्ये साखळीचं तेल ओतू नका, जाड ग्रीस भरू नका. आतली नळी मुळात गुळगुळीत असते. तेलाला धूळ चिकटते, आणि जोतिबा-पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की तिची पेस्ट होते.

८. इनर भरणे आणि आवळणे

सुरू करण्याआधी लिव्हरपाशी असलेला ताण जुळवणारा बॅरल स्क्रू पूर्ण आत फिरवा आणि मग एक फेरा बाहेर घ्या. हे विसरलात तर नंतर जुळवायला जागाच उरत नाही. सगळ्या लिव्हरना हा स्क्रू नसतो. नसेल तर पकड आणखी काळजीनं घ्या.

मुंडी खाली असेल तर: इनर खालून आऊटरमध्ये घाला, पुढून बाहेर येऊ द्या. मुंडी खटक्याच्या खोबणीत बसवा आणि आऊटरची टोपी तिच्या जागी. पुढून इनर हातानं ओढा. खटका हलतोय आणि सीट वर-खाली होतेय ना हे पोस्ट बाहेर असतानाच बघा. मग पोस्ट आत घालताना पुढून इनरवर हलका ताण धरून ठेवा, कारण ढील पडली की मुंडी खोबणीतून निसटते आणि आत गेल्यावर दिसत नाही. पोस्ट जागेवर आल्यावर इनर लिव्हरच्या स्क्रूखाली घ्या, ढील ओढून आवळा.

पिंप खाली असेल तर: इनर लिव्हरमधून घाला, खाली बाहेर काढा. आऊटरच्या टोकापासून पिंपापर्यंत किती अंतर हवं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. माहितीपत्रकातला आकडा घ्या आणि फूटपट्टीनं मोजून पिंप आवळा. ग्रब स्क्रू ॲलन कीच्या आखूड बाजूनं, बोटांच्या जोरावर घट्ट करा. अति जोर दिला तर वायर चेंबते आणि पुढच्या वेळी तिथंच तुटते. पिंप खटक्यात बसवा आणि इनरचं शेपूट साधारण एक सेंटिमीटर ठेवून कापा. लांब शेपूट सीट ट्यूबमध्ये दुमडून खटक्यात अडकतं.

वर लिव्हरपाशीही इनर कापायची ती ताण जुळवून झाल्यावरच. टोकावर ॲल्युमिनियमची टोपी चढवून पक्कडीनं दाबा. टोपी नसेल तर फेविक्विकचा एक थेंब तात्पुरता पीळ धरून ठेवतो.

९. पोस्ट परत बसवणे

धातूच्या फ्रेममध्ये पोस्टच्या खालच्या नळीला ग्रीसचा पातळ हात द्या. कार्बनला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. पोस्ट हळू आत घाला आणि त्याच वेगानं पुढून आऊटर बाहेर ओढत राहा. ओढली नाही तर जादा आऊटर सीट ट्यूबमध्ये खटक्याखाली गोळा होते, मुडपते, आणि सगळं नवं घालूनही लिव्हर जड. मागून ढकलण्याच्या आणि पुढून ओढण्याच्या हातांचा मेळ हवा, म्हणून या पायरीलाही दुसरा माणूस असला तर बरं.

पोस्टवर कमीत कमी किती भाग आत हवा याची रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. सीट सरळ करा आणि कॉलर तिच्यावर छापलेल्या आकड्याएवढीच आवळा. बऱ्याच कॉलरवर ४ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा दिसतो. टॉर्क रेंच नसेल तर थोडं थोडं आवळत जा आणि सीट दोन्ही हातांनी फिरवून बघा. फिरायची थांबली की बास.

१०. ताण जुळवणे

सीटवर न बसता लिव्हर हलकेच दाबा. सुरुवातीला एक-दोन मिलिमीटर लिव्हर मोकळा हलला पाहिजे आणि मग विरोध लागला पाहिजे. एवढी मोकळीक हवीच.

ताण जास्त झाला तर झडप पूर्ण बंद होत नाही. मग सीट बसल्या बसल्या हळूहळू खाली जाते, किंवा खाली ठेवलेली सीट आपोआप वर येते. हे दिसलं की लोकांना वाटतं पोस्ट बिघडला. बॅरल स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत फिरवत ताण कमी करा. उलट, लिव्हर पूर्ण दाबूनही सीट हलत नसेल किंवा फार सावकाश हलत असेल तर झडप पुरती उघडत नाही. बॅरल स्क्रू बाहेर घेऊन ताण वाढवा. स्क्रू चार-पाच फेरे बाहेर आला तरी जमत नसेल तर तो परत आत घ्या आणि वायर नव्यानं पकडा.

जुळल्यावर वीसेक वेळा सीट वर-खाली करा. नवी वायर आणि टोप्या जागेवर बसतात, थोडी ढील पडते, परत अर्धा फेरा द्यावा लागतो. हँडल पूर्ण वळवूनही एकदा दाबून बघा. वळवल्यावर सीट आपोआप हलली तर आऊटर आखूड पडली आहे.

रस्त्यातच तुटली तर

हे मला त्या दिवशी माहीत असतं तर वीस किलोमीटरचा त्रास वाचला असता. ॲलन कीनं कॉलर सैल करा. वायर तुटलेली असली तरी आऊटर जोडलेली असते, म्हणून पुढून ती आत ढकलत पोस्ट सावकाश बाहेर घ्या. खटका बोटानं दाबा, सीट पूर्ण वर येऊ द्या, पोस्ट परत घालून कॉलर आवळा. आता ती साध्या सीटसारखी वरच राहील. उतार उभं राहून करा, घरी पोचाल. जास्त उंचीसाठी पोस्ट कमीत कमी खोलीच्या रेघेपेक्षा वर ओढू नका, फ्रेमला तडा जातो.

सीट खाली असताना तिला धरून सायकल उचलू नका. बऱ्याच पोस्टमध्ये त्यानं आत हवा ओढली जाते आणि नंतर सीट स्प्रिंगसारखी हलू लागते. गाडीवर सायकल चढवताना हे हमखास होतं.

पावसाळ्यातली काळजी

सीट ट्यूबच्या वर कॉलरपाशी जी फट असते तिच्यातून पाणी खाली उतरतं आणि खटका नेमका त्या पाण्याच्या वाटेवर असतो. जून ते सप्टेंबरमध्ये मी दोनदा पोस्ट काढून सीट ट्यूब फडक्यानं कोरडी करतो आणि खटक्यावरचा तांबडा चिखल जुन्या टूथब्रशनं काढतो. दुचाकीच्या वॉशिंग सेंटरमध्ये सायकल धुवायला देत असाल तर सीटखाली जिथं आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते तिथं प्रेशरचा फवारा मारू देऊ नका. ती जागा हातानं पुसा.

लिव्हरपाशी महिन्यातून एकदा वायर डोळ्यांखालून घाला. तुटायच्या आधी तिचा एखादा केस फुटून वर येतो. तो दिसला की त्याच आठवड्यात वायर बदला. एक नवी गिअर इनर गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत ठेवा, गिअरची वायर तुटली तरी तीच चालते. आणि चांगल्या स्थितीतल्या जुन्या वायरीचा हातभर तुकडा जपून ठेवा, पुढच्या वेळी आऊटर ओवायला लागेल.